घरावर कौल, पत्रा की स्लॅब? खानापूरपासून अथणीपर्यंतच्या घरांसाठी छपराचा खरा हिशेब

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या जुन्या घराची मागची पडवी तीन वर्षांपूर्वी पत्र्याने झाकायची ठरली. शाकारणीला, म्हणजे कौलं नीट करून घ्यायला, माणूस मिळेना आणि वानरं कौलं ठेवेनात, म्हणून. तीन ठिकाणी दर विचारले, सगळ्यात कमी दर जिथे मिळाला तिथून 'अर्धा एमएम'चा रंगीत पत्रा उचलला. बसवायला आलेल्या मेस्त्रीने पहिला पत्रा हातात घेतला आणि परत खाली ठेवला. म्हणाला, "सावकार, ह्यो अर्धा एमएम न्हवं." मला खोटं वाटलं. त्याने शेजारून भाताची पोती मोजायचा काटा आणवला. बारा फुटी पत्रा साडेअकरा किलो भरला. चार फुटी कॉइलमधून (पत्र्याच्या गुंडाळीतून) काढलेला, खऱ्या अर्ध्या मिलिमीटरचा तेवढाच पत्रा सोळा किलोच्या आसपास भरतो. म्हणजे हातात आला होता ०.३५ मिलिमीटरचा माल. बिल पाहिलं तर त्यावर फक्त 'रूफिंग शीट' आणि फूट लिहिलेले, जाडीचा पत्ताच नाही. परत करायला तोंड राहिलं नाही.

तेव्हापासून ओळखीत कुणी छप्पर काढलं की मी आधी वही घेऊन बसतो. त्या वहीतलं इथे मांडतो आहे. दुकानात सांगतात तो मालाचा दर असतो. छपराचा दर वेगळा. त्यात खालचा सांगाडा, मजुरी, पाण्याची वाट, आतला उष्मा आणि पुढच्या वीस वर्षांची डागडुजी हे सगळं येतं. दोन दुकानांचे दर एकमेकांशेजारी ठेवून बघणं ही त्यातली सगळ्यात शेवटची पायरी.

पहिली पायरी: आपल्याकडे पाऊस किती ते धरा

बेळगाव जिल्हा एक आहे, पण पाऊस एक नाही. मलप्रभा जिथे उगवते त्या कणकुंबीकडे आणि जांबोटीच्या पट्ट्यात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. बेळगाव शहरात तो साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर असतो. निपाणी-चिकोडी ओलांडून अथणीकडे गेलात की सहाशेच्या आतबाहेर येतो. त्यामुळे लोंढ्याच्या पाहुण्याने केलं म्हणून अथणीत तसंच छप्पर करणं, किंवा उलट, हे पैसे वाया घालवण्याचं काम आहे.

खानापूर, जोयडा, हल्याळच्या बाजूला प्रश्न पाण्याचा आणि वाऱ्याचा. पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेकडून झोडपत येतो आणि चार-चार दिवस उघडत नाही. तिथे उतार खडा हवा, वळचण लांब हवी. अथणी, रायबाग किंवा तिकडे बिदरमध्ये भालकी-औरादकडे प्रश्न उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये उघड्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. जुन्या लोकांनी तिकडे माळवदं बांधली ती उगाच नाही. हातभर मातीखाली घर थंड राहायचं. मात्र माळवदाला दर वर्षी माती लागते आणि सलग पावसात ते पाणी पिऊन जड होतं. आज नव्याने माळवद करायला माणूसही मिळत नाही, म्हणून त्याचा हिशेब इथे मांडत नाही. कारवारच्या किनाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी, तिथे खारा वारा लोखंडाला खातो.

उतार मोजायची आपल्या सुताराची पद्धत सोपी आहे: आडवं एक फूट गेल्यावर किती इंच चढ. मंगलोरी कौलाला फुटाला सात इंच चढ, म्हणजे सुमारे तीस अंश, हा कमीत कमी धरावा. कणकुंबीकडे आठ-साडेआठ इंच ठेवतात ते बरोबर आहे. पत्र्याला फुटाला दोन इंच चढ असला तरी पाणी निघून जातं, पण आपल्याकडच्या पावसात तीन इंचांच्या खाली जाऊ नये, नाहीतर जोडातून पाणी मागे चढतं.

दुसरी पायरी: भिंतीला विचारा

हे कुणी करत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रंगीत पत्रा चौरस फुटाला अर्धा किलोसुद्धा भरत नाही. सिमेंटचा पत्रा सव्वा किलोच्या आसपास. मंगलोरी कौल कोरडं असताना चार किलो, पावसात भिजल्यावर त्याहून जास्त. पाच इंची स्लॅब तब्बल एकोणतीस किलो, आणि त्यावर पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला की आणखी अठरा-वीस किलो.

आता आपली भिंत कशाची आहे ते बघा. मातीची किंवा मातीत बांधलेल्या दगडाची असेल तर तिच्यावर स्लॅब टाकायचा विचारच सोडा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्या एकदम फुगल्या तेव्हा काठच्या गावांतल्या मातीच्या भिंती पायात भिजून बसल्या. ज्या घराखाली पाणी येऊ शकतं तिथे डोक्यावर जड छप्पर नको. चिऱ्याची, सिमेंटात बांधलेली भिंत असेल तर एक मजला स्लॅब पेलेल, पण खाली काळी माती असेल तर पाया किती खोल गेलाय हे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन-तीन हजारांची त्याची फी वाचवून दोन-तीन लाखांचा स्लॅब तडकवण्यात शहाणपण नाही. जुन्या भिंतीवर स्लॅबच हवा असेल तर आतून खांब-बीम उभे करावे लागतात. तो खर्च छपराचा म्हणूनच धरा. बरेच लोक तो 'बांधकामात' टाकतात आणि स्लॅब स्वस्त पडला म्हणून सांगत फिरतात.

तिसरी पायरी: कौलाचा हिशेब

आपल्या भागात कौल म्हणजे मंगलोरी. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरूच्या जेप्पूमध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथून हा प्रकार सगळीकडे पसरला. खानापूरची माती कौलाला आणि मडक्याला चांगली, म्हणून इथेही कारखाने झाले. त्याआधीची नळीची देशी कौलं अजून काही गोठ्यांवर दिसतात.

कौल किती लागेल: उताराच्या चौरस मीटरला पंधरा, म्हणजे चौरस फुटाला जवळजवळ दीड धरलं तरी चालतं. इथे एक चूक हमखास होते. लोक खालच्या खोलीचं क्षेत्रफळ घेतात. कौलं उतारावर बसतात आणि वळचणीपर्यंत जातात. तीस अंशांच्या पाख्याला, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूला, सपाट मापाला १.१५ ने गुणावं लागतं, आणि त्यात चारी बाजूंची वळचण धरावी लागते. वर फुटीसाठी शंभराला पाच-सहा जास्त घ्या. पुढच्या दहा वर्षांसाठी पन्नासेक कौलं घराच्या मागे रचून ठेवा. साचा बदलला की नंतर आणलेलं कौल जुन्यात बसत नाही.

चांगलं कौल ओळखायचं तर दोन कौलं एकमेकांवर हलकी आपटा. खणखणीत वाजलं तर भाजणी चांगली, भद्द आवाज आला तर कच्चं किंवा चिरलेलं. दहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून बघा, वाकडी असतील तर फटी दिसतील. रीप, म्हणजे कौल टेकायची आडवी पट्टी, किती अंतरावर मारायची हेही त्यावरूनच ठरवा. ते साधारण बारा-साडेबारा इंच येतं, पण प्रत्येक साच्याचं थोडं वेगळं असतं. मेस्त्री डोक्यातल्या मापाने रिपा ठोकून मोकळा होतो आणि मग शेवटच्या ओळीत कौल कापावं लागतं.

कौलाखाली लाकूड की लोखंड, हा खरा पैशाचा प्रश्न. जुन्या घराचे वासे आणि आढं सागवानी किंवा किंजळीचे असतील, वाळवी नसेल, तर त्याला हात लावू नका. खिळा ठोकून बघा: लाकडात ताकद असेल तर खिळा कुरकुरत जातो, पोकळ असेल तर लोण्यासारखा. नवं लाकूड परवडत नाही, आणि जंगलपट्ट्यातून आणायचं तर वनखात्याच्या परवान्याची भानगड. म्हणून आता बहुतेक जण लोखंडी चौकोनी पाइपांवर कौल घालतात. दिसायला वेगळं दिसतं, पण टिकतं.

कौलाचा त्रास मात्र लपवून उपयोग नाही. वर्षाला एकदा शाकारणी लागतेच: फुटकी बदलायची, सरकलेली बसवायची, मधला पालापाचोळा काढायचा. वानरं असतील तर वर्षातून तीनदा. खानापुरात आता बरेच जण पाइपांवर साधा पत्रा घालून त्यावर रिपा आणि कौलं लावतात. कौल फुटलं तरी आत गळत नाही, पावसाचा आवाज येत नाही, घर थंडही राहतं. खर्च दोन्हींचा लागतो, पण आई-वडील एकटे राहत असलेल्या घराला मी हाच सल्ला देतो. प्रत्येक खोलीत एखादं काचेचं कौल घालायला विसरू नका. दिवसा दिवा लावावा लागत नाही.

चौथी पायरी: पत्रा घेताना

फसवणूक सगळ्यात जास्त इथे होते, म्हणून इथेच रेंगाळतो.

बाजारात 'रंगीत पत्रा' म्हणतात तो आत पोलादाचा, त्यावर जस्त-ॲल्युमिनियमचा थर आणि त्यावर रंग असा असतो. चांगल्या मालात हा थर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम असतो, त्यावर 'एझेड १५०' असं लिहिलेलं असतं. त्या थरात ॲल्युमिनियम ५५ टक्के, बाकी बहुतेक जस्त. साध्या पांढऱ्या जीआय पत्र्यावर थर फक्त जस्ताचा. स्वस्त, पण लवकर गंजतो.

जाडी विचारताना एकच प्रश्न विचारा: ही रंगासकट जाडी की नुसत्या पोलादाची? ०.५० रंगासकट सांगितलं तर आतलं पोलाद ०.४४-०.४५ च्या आसपास असतं. यात लबाडी नाही, पण दुसरा दुकानदार नुसत्या पोलादाची जाडी सांगत असेल तर दोन दरांची तुलनाच होत नाही. बिलावर जाडी, थराचे ग्रॅम, कंपनी आणि पत्र्याची लांबी लिहून घ्या. लिहून देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. माल उतरताना पत्रा काट्यावर घाला: चार फुटी कॉइलचा, रंगासकट अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा फुटाला साधारण एक किलो तीनशे ते चारशे ग्रॅम भरतो. बारा फुटी पत्र्याला सोळा किलो हा आकडा लक्षात ठेवा, बाकीचं तोंडी गुणून निघेल. राहत्या घराला यापेक्षा पातळ पत्रा घालू नका. पातळ पत्र्यावर माणूस चढला की खड्डा पडतो, खड्ड्यात पाणी थांबतं, आणि गंजाची सुरुवात तिथून होते.

पत्र्याची रुंदी झाकण्याच्या मापाने मोजतात. चार फुटी कॉइलचा पत्रा दाबल्यावर आणि जोडावर चढवल्यावर साडेतीन फूटच झाकतो. हिशेब त्याच्यावर करा.

बसवताना पश्चिमेचा वारा धरून काम पूर्वेच्या टोकापासून सुरू करायचं. म्हणजे नंतरचा पत्रा आधीच्यावर चढतो आणि जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. मेस्त्री आपल्या सोयीने शिडी जिथे लागते तिथून सुरू करतो; त्याला अडवा. स्क्रू खाली रबरी वॉशर असलेले, आपोआप भोक पाडणारेच घ्या. ते उंचवट्यावर मारा, पाणी वाहतं त्या खोबणीत नको. वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळीत, तसंच दोन्ही टोकांना स्क्रू दाट मारायचे, कारण वळवाचा वारा पत्रा उचलतो तो कडेपासूनच. एप्रिल-मेमध्ये एक वळीव येतो आणि गावात कुणाचा ना कुणाचा पत्रा दुसऱ्याच्या शेतात जाऊन पडतो. वर दगड ठेवून पत्रा थांबत नाही, उलट दगड उडाला तर खालच्या माणसाचं डोकं फुटतं. स्क्रू इतकाही आवळू नका की वॉशर चेपून बाहेर येईल. आमच्या पडवीत नेमकं तेच झालं होतं: तीन ठिकाणी रबर फाटलेलं, आणि त्या तीन ठिकाणी बादल्या.

पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी रंग आणि थर जळतो आणि कड दोन पावसाळ्यांत लाल होते. कात्रीने कापा. काम झाल्यावर वरचा लोखंडाचा कीस झाडूने काढा, नाहीतर पहिल्या पावसात सगळ्या पत्र्यावर गंजाचे ठिपके उठतात. भिंतीला पत्रा टेकतो तिथे सिमेंट लिंपायची सवय सगळ्यांना असते, पण ओल्या सिमेंटला हा थर टिकत नाही. तिथे वाकवलेल्या पत्र्याची पट्टी लावून वरून भिंतीत घुसवून घ्यावी.

गोठ्यावर रंगीत पत्रा घालायचा असेल तर दोनदा विचार करा. शेण-मुताच्या वाफेने पत्रा खालून खराब होतो, आणि बहुतेक कंपन्यांची वॉरंटीही गोठ्याला लागू होत नाही. कारवारकडे समुद्राजवळ असाल तर ॲल्युमिनियमचा किंवा यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकचा) पत्रा, नाहीतर सरळ कौल.

उष्मा आणि आवाज ही पत्र्याची दोन दुखणी. फिक्या रंगाचा पत्रा गडद लाल किंवा निळ्यापेक्षा कमी तापतो. हा फुकटातला फायदा आहे, तरी आपल्याकडे लाल रंगच खपतो. राहत्या खोलीला खाली छत घालायलाच लागतं. मधे फोम असलेले पफ पॅनेल चांगले, पण त्यांचा दर साध्या पत्र्याच्या तिप्पट-चौपट धरून चला.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल थोडक्यात. स्वस्त, गोठ्याला आणि शेतातल्या खोलीला चांगला, कमी तापतो. पण अशा बहुतेक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. काढताना फोडू नका, मशीनने कापू नका, पाणी मारून ओला ठेवा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि अख्खाच खाली उतरवा. आणि त्यावर कधीही थेट पाय देऊ नका. वर जायचंच तर लोखंडी आडव्यांवर फळी टाकून. सिमेंट पत्रा फुटून खाली पडलेली माणसं प्रत्येक तालुक्यात सापडतील.

पाचवी पायरी: स्लॅब

स्लॅब घातला की वर मजला चढवता येतो, हळद-मिरची वाळवता येते, टाकी आणि सोलर ठेवता येतं. ही त्याची खरी किंमत. वर कधीच काही करायचं नसेल तर स्लॅबला एवढे पैसे कशाला, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. उत्तर बहुतेक वेळा "गावात सगळ्यांचा स्लॅब आहे" असं येतं.

८६४ चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे ३६० घनफूट, आपल्या भाषेत ३.६ ब्रास काँक्रीट. एकास दीड-तीन मिश्रणाला सिमेंटच्या ८० ते ८५ पिशव्या लागतात, आणि सळी साधारण साडेआठ ते दहा क्विंटल. नेमकी किती ते इंजिनिअरच्या ड्रॉइंगवरून. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचं जुनं कोटेशन कुणी पुढे केलं तर ते नव्याने मागा.

स्लॅबच्या दिवशी मजुरांना मटण घालतात ते घाला, पण त्या दिवशी मिक्सरजवळ स्वतः उभे राहा. काँक्रीट घट्ट वाटलं की मजूर बादलीने पाणी ओततो, कारण ओढायला सोपं जातं. तेच पाणी पुढे स्लॅबला भेगा पाडतं. सळीखाली वीस मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळी वर उचलून धरणारे ठोकळे) आहेत का ते टाकण्याआधी पाहा. खडीचे तुकडे चालत नाहीत. नंतर दहा-बारा दिवस आळी करून पाणी भरून ठेवायचं. मेमध्ये ते दुपारी आटतं, संध्याकाळी पुन्हा भरायचं.

खानापूरच्या पावसात कोब्याशिवाय स्लॅब म्हणजे पहिल्याच वर्षी छताला ओल. कोब्याला उतार पाइपाच्या तोंडाकडे हवा, दहा फुटांना निदान सव्वा इंच. पाइपाचं तोंड चार इंची ठेवा आणि त्यावर जाळी लावा. स्लॅबवर वरून पुन्हा पत्र्याची शेड मारलेली घरं तुम्ही बेळगावात गल्लोगल्ली पाहिली असतील. ती सगळी कोबा वाचवल्याची निशाणी आहे, असं माझं मत. दोन छपरांचे पैसे गेले.

सहावी पायरी: एकाच घराचा तिन्ही प्रकारे हिशेब

३० बाय २५ फुटांचं घर धरू, म्हणजे ७५० चौरस फूट. पुढचे दर मी गुणाकार दाखवण्यासाठी धरले आहेत. तुमच्या तालुक्यातला आजचा दर त्याच जागी घाला.

कौल: चारी बाजूंना दोन फूट वळचण धरली की ३४ बाय २९, म्हणजे ९८६. उतारामुळे ते ११४० होतात. कौलं १७००, नगाला ३५ रुपये धरले तर ५९,५००. आढ्याची ३० कौलं, ६० प्रमाणे १,८००. लोखंडी सांगाडा चौरस फुटाला दीड किलो, वेल्डिंग-रंगासकट किलोला ९५ रुपये, म्हणजे १,६२,४५०. बसवायची मजुरी चौरस फुटाला १५, म्हणजे १७,१००. पन्हळ १०,०००. एकूण २,५०,८५०.

पत्रा: पंधरा अंशांच्या उताराने १०२० चौरस फूट. पत्रा, स्क्रू, जोडावर चढणारा भाग धरून ५५ रुपये, म्हणजे ५६,१००. सांगाडा हलका, चौरस फुटाला एक किलो, म्हणजे ९६,९००. मजुरी १२ प्रमाणे १२,२४०. आढं आणि पन्हळ १३,०००. एकूण १,७८,२४०. कौलापेक्षा बहात्तर हजारांनी स्वस्त. इथे लोक वही मिटतात. पण आत राहायचं तर ७५० चौरस फुटांचं छत, ६० प्रमाणे ४५,०००. आकडा २,२३,२४० वर गेला आणि फरक सत्तावीस-अठ्ठावीस हजारांवर आला.

स्लॅब: एक फूट छज्जा धरून ८६४ चौरस फूट. काँक्रीट, सळी, सेंट्रिंग, मजुरी मिळून २३० रुपये, म्हणजे १,९८,७२०. खालचा गिलावा ७५० ला ३५ प्रमाणे २६,२५०. कोबा ९० प्रमाणे ७७,७६०. एकूण ३,०२,७३०, आणि कठडा वेगळा.

आता चौथा हिशेब, जो कुणी करून देत नाही कारण त्यात विकण्यासारखं फारसं काही नसतं. जुनं कौलारू घर आहे आणि वासे शाबूत आहेत. लाकडाची दुरुस्ती ४०,०००, फुटक्यांच्या जागी ६०० नवी कौलं २१,०००, आढं १,८००, मजुरी १७,१००, पन्हळ १०,०००. एकूण ८९,९००. म्हणून जुनं छप्पर पाडायचं ठरवण्याआधी एखाद्या सुताराला वर चढवून प्रत्येक वासा ठोकून घ्या. माझ्या ओळखीत निदान दोन घरांनी चांगलं सागवान भंगाराच्या भावाने देऊन त्याच पैशांत पत्रा घेतला.

सोलर लावायचं असेल तर तेही आताच ठरवा. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पत्रा आणि स्लॅबवर पॅनेल सहज बसतात, कौलावर त्रास. पत्र्याचं घर असेल तर दक्षिणेकडचं पाखं मोठं ठेवा.

माल बेळगावातून की कोल्हापुरातून?

निपाणी, चिकोडी, संकेश्वरवाल्यांना हा प्रश्न नेहमी पडतो. कोल्हापूर जवळ, व्हरायटी जास्त. दर बघताना भाडं, हमाली आणि उतरवताना होणारी फूट धरा. कौल आणि सिमेंट पत्र्यात ही फूट बरीच असते. राज्याची हद्द ओलांडून पन्नास हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल आणायचा तर ई-वे बिल लागतं. ते दुकानदाराने काढून द्यायचं असतं. "तसंच न्या, काही होत नाही" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, नाक्यावर टेम्पो अडकला की भाडं तुमचंच वाढतं. तसंच, खराब माल निघाल्यावर परत नेऊन देण्याचं भाडंही आधीच विचारून घ्या. माझा पत्रा परत गेला नाही त्याचं हेही एक कारण.

पाण्याची वाट आणि वेळ

पन्हळ शेवटी पैसे उरले तर, असं कुणी म्हणू नये. हजार चौरस फुटांच्या छपरावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला की साडेचार हजार लिटरांहून जास्त पाणी खाली येतं. ते भिंतीच्या पायाशी पडू दिलं की मातीची भिंत खालून खचते. आणि अथणी-रायबागकडे तेच पाणी टाकीत घेतलं तर जानेवारीपर्यंत भांडी-कपड्यांची सोय होते. पहिल्या पावसाचं पाणी मात्र बाहेर सोडा.

काम संक्रांतीनंतर काढा. मार्चपर्यंत माल आणि मेस्त्री ठरवा, कारण एप्रिल-मेमध्ये मेस्त्री एकाच वेळी पाच घरांचं काम धरतो आणि मिरगाला कुणाचंच पुरं होत नाही. शेवटचा एक हप्ता, निदान दहा टक्के, पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा, आणि हे काम सुरू होण्याआधीच त्याला सांगा.

पहिला वळीव आला की बॅटरी घेऊन आत फिरा. जिथे थेंब दिसेल तिथे खालून पाइपावर खडूने खूण करा, तारीख घाला. थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा एक नसते, म्हणून खुणेपासून वरच्या बाजूचे दोन-तीन स्क्रू तपासायचे. आमच्या पडवीत तीन खुणा होत्या. दोन वॉशर बदलून गेल्या. तिसरीखाली अजून आज्जीचं पितळी घमेलं आहे. ते भरून वाहू लागलं की कळतं, आज पाऊस जोराचा झाला.